शरीरशास्त्राचा चुकविलेला धडा

बीडहून परळीच्या वाटेवर बालाघाटाच्या डोंगराळ भागात वडवणी हा तालुका आहे. पाऊस बेताचा, जमीन हलकी, आणि दसरा-दिवाळी उलटली की पोटासाठी घर सोडणाऱ्यांची संख्या मोठी. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, बिऱ्हाड गाडीत घालावयाचे, पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील एखाद्या कारखान्याच्या फडावर कोपी ठोकावयाची आणि उन्हाळा लागेतो ऊस तोडावयाचा, हा बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसांचा वार्षिक क्रम होऊन बसला आहे. या प्रदेशातील गरिबीविषयी, दुष्काळाविषयी आणि मजुरीच्या दराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते लिहावयास हवेच होते. पण जिच्याविषयी चारचौघांत बोलावयास आपण सारेच कचरतो अशी एक दरिद्रता या दारिद्र्यास जोडून उभी आहे, आणि आज आम्हांस तिच्याविषयी लिहावयाचे आहे. ती दरिद्रता म्हणजे स्वतःच्या देहाविषयीचे अज्ञान होय.

जिला आपण लोकसंख्येच्या निम्मा हिस्सा म्हणतो त्या स्त्रीवर्गाला, आणि उरलेल्या निम्म्या हिश्शालाही, आपला जन्म कसा होतो, गर्भ कोठे वाढतो, पाळी का येते, मुलगा की मुलगी हे कशावरून ठरते, याचे साधे ज्ञान योग्य वयात मिळत नाही. हे ज्ञान न मिळाल्याने काही बिघडत नाही, लग्न झाले की सारे आपोआप कळते, असे समजणारे सुज्ञ गृहस्थ गावोगाव आहेत. त्यांनी कृपा करून पुढील आकड्यांकडे पाहावे.

2019 साली राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, मागील तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यात 4,605 स्त्रियांचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आले. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ऊसतोडीस जाणाऱ्या 82,309 स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एकीचे! यांतील पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. एवढ्या थोरल्या संख्येने तरुण स्त्रियांचा एक निरोगी वा उपचाराने बरा होऊ शकणारा अवयव कापून टाकला जावा, आणि त्या स्त्रियांनी व त्यांच्या घरच्यांनी त्यास निमूटपणे मान डोलवावी, हे कसे घडले?

याची उत्तरे अनेक आहेत. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो; मुकादमाची उचल फिटत नाही; फडावर न्हाणीघर नाही, पाणी नाही; पाळीच्या चार दिवसांत मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढावे लागते. ही सारी कारणे खरीच आहेत आणि त्यांचा दोष त्या बाईकडे मुळीच जात नाही. परंतु या कारणांच्या जोडीस आणखी एक कारण आहे, आणि ते तिच्याच बोलण्यात सापडते. या भागात गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. ‘पिशवीला सूज आली’, ‘पिशवी खराब झाली’, ‘पिशवी काढून टाकली’. पिशवी हा शब्दच असा आहे की, ती रिकामी झाली, तिचे काम संपले, म्हणजे टाकून द्यावयास कोणाची हरकत नसावी. दोन-तीन मुले झाली. आता पिशवी ठेवून करावयाचे काय? अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, डॉक्टर म्हणतात उद्या कॅन्सर होईल; मग घ्या काढून! ज्या बाईला आपल्या उदरात काय आहे आणि ते काय काम करते हे कधी कोणी सांगितलेच नाही, तिने डॉक्टरला उलट प्रश्न विचारावयाचा तरी कोणत्या आधारावर? अंगावर पांढरे जाण्याचे कारण बहुधा संसर्ग असते, आणि तो पुष्कळदा औषधाने बरा होतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका साध्या तपासणीने लवकर ओळखता येतो, आणि मुलींना वेळीच लस दिल्यास त्याचा धोका पुष्कळच टळतो. ही दोन वाक्ये जर तिला तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळेत शिकविली असती, तर तिने निदान दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतले असते. बीडमध्ये आरडाओरड झाल्यानंतर अशा शस्त्रक्रियांवर सरकारी परवानगीचा अंकुश ठेवण्यात आला, हे योग्यच झाले. पण सरकारी शिक्का हा दारावरचा पहारेकरी आहे. घरातील माणूस जागे असल्याशिवाय पहारेकऱ्याचा उपयोग बेताचाच होतो.

तेव्हा हा धडा शिकवावयाचा म्हणजे काय शिकवावयाचे? ज्यांना या विषयाचे नाव काढताच अंगावर पाल पडल्यासारखे होते, त्यांच्या समाधानार्थ तो धडा येथेच थोडक्यात मांडतो. यात लाज वाटण्याजोगे काही सापडते का, हे त्यांनीच ठरवावे.

गर्भाशय हा स्नायूंनी बनलेला, आतून पोकळ असा, साधारण पेरूच्या आकाराचा अवयव आहे. त्याची लांबी सात-आठ सेंटीमीटर. त्याच्या दोन्ही अंगांस एकेक अंडाशय असते, आणि अंडाशयापासून गर्भाशयापर्यंत येणाऱ्या दोन अंडनलिका असतात. मुलगी जन्मास येते तेव्हाच तिच्या अंडाशयांत लाखो अपक्व अंडपेशी असतात. त्यांतील चारशे-पाचशेच काय त्या उभ्या आयुष्यात पक्व होतात. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास मेंदूतील एका लहानशा ग्रंथीकडून संप्रेरकांचा इशारा येऊ लागतो, आणि दर महिन्यास बहुधा एक अंडपेशी पक्व होऊन बाहेर पडते. त्याच वेळी गर्भाशयाच्या आतील अस्तर रक्तवाहिन्यांनी भरून जाड होते. येऊ घातलेल्या पाहुण्यासाठी अंथरूण घालावे तसे. पाहुणा आला नाही तर ते अस्तर गळून पडते आणि रक्तावाटे बाहेर जाते. यालाच पाळी म्हणतात. हे चक्र साधारण 28 दिवसांचे. कोणाचे थोडे कमी, कोणाचे थोडे अधिक. आणि पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन वर्षे ते अनियमित असले तरी बहुधा घाबरण्याचे कारण नसते.

यात विटाळ कोठे आला? जे रक्त गर्भाचे पोषण करण्यासाठी शरीराने सिद्ध केले होते, तेच उपयोग न झाल्याने बाहेर आले. तेच रक्त राहिले असते तर त्याच्या आधाराने घरात वंशाचा दिवा लागला असता, म्हणून पेढे वाटले गेले असते. ते गेले म्हणून मुलीस ‘कावळा शिवला’ असे सांगून कोपऱ्यात बसविले जाते. एकाच वस्तूस एका महिन्यात मंगल आणि दुसऱ्या महिन्यात अमंगल ठरविणारी ही तर्कपद्धती कोणत्या शास्त्रात बसते, ते आम्हांस ठाऊक नाही.

आता हे अंडाशय केवळ अंडपेशी देऊन स्वस्थ बसत नाहीत. त्यांतून जी संप्रेरके रक्तात मिसळतात, त्यांवर हाडांची बळकटी, त्वचा, झोप, मनाची स्थिती, एवढ्या गोष्टी अवलंबून आहेत. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढून टाकले, तर तिशी-पस्तिशीच्या स्त्रीस एका दिवसात म्हातारपण येते: अंगाची आग होते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, उत्साह मावळतो. अंडाशय ठेविले तरी त्यांचे काम काही वर्षे आधीच मंदावण्याचा संभव असतो. खाडा चुकावा म्हणून जिने शस्त्रक्रिया करून घेतली, तिला कंबरदुखीने पुढील हंगामात मोळी उचलवत नाही, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. वरून शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी मुकादमाकडून घेतलेली नवी उचल डोक्यावर राहतेच!

मुलांस हा धडा शिकविण्याची गरज नाही, असा एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. मुलग्याच्या शरीरातही तेराव्या-चौदाव्या वर्षापासून असाच फेरफार सुरू होतो. वृषणांत शुक्राणू तयार होऊ लागतात. शरीराच्या उष्णतेपेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता त्यांना लागते, म्हणून निसर्गाने वृषणे उदराबाहेर ठेविली आहेत. शुक्राणूंची निर्मिती अखंड चालू असते आणि झोपेत वीर्य बाहेर पडणे ही त्या वयातील अगदी स्वाभाविक घटना आहे. पण हे मुलास कोण सांगतो? त्याला सांगतात त्या एसटीच्या रस्त्याकडेला भिंतीवर रंगविलेल्या जाहिराती! धातू जातो, शक्ती जाते, रक्ताच्या इतक्या थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो, असल्या थापांवर भोंदू वैद्यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. मॅट्रिकच्या वयाचा पोरगा भीतीने खंगतो, आईच्या डब्यातील पैसे चोरून पुड्या आणतो, आणि कोणास सांगू शकत नाही. शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाने पाच मिनिटे खर्च केली असती तर ते दुकान ओस पडले असते.

आणखी एका गोष्टीसाठी मुलग्यांना हा धडा हवा, आणि बीड जिल्ह्यात तर तो पाटीवर गिरवून घ्यावयास हवा. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. त्यांतील एक जोडी लिंग ठरविते. स्त्रीच्या या जोडीत दोन्ही गुणसूत्रे ‘एक्स’. पुरुषाच्या जोडीत एक ‘एक्स’ व दुसरे ‘वाय’. अंडपेशीतून नेहमी ‘एक्स’च येणार. शुक्राणूंपैकी निम्म्यांत ‘एक्स’, निम्म्यांत ‘वाय’. ‘एक्स’वाला शुक्राणू मिळाला तर मुलगी, ‘वाय’वाला मिळाला तर मुलगा. म्हणजे मुलगी झाली तर तिचे कारण बापाकडून आलेल्या पेशीत असते. आईच्या हाती त्यात काही नसते, आणि खरे पाहता बापाच्याही हाती काही नसते. असे असता ‘हिला मुलीच होतात’ म्हणून सुनेस छळणारी सासू, दुसरे लग्न करणारा नवरा आणि त्यास सल्ला देणारे शेजारी, हे सारे एका पाठ्यपुस्तकी गोष्टीच्या अज्ञानावर उभे आहेत. या अज्ञानाची किंमत जनगणनेत नोंदलेली आहे. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे 2001 साली 894 मुली होत्या. 2011 साली त्या 807 उरल्या. राज्यात तो नीचांक होता. 2012 साली परळी येथे गर्भलिंगनिदान व गर्भपाताचे जे प्रकरण उघडकीस आले, त्याने जिल्ह्याचे नाव देशभर झाले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्रानेच केला होता, आणि 1994 साली तो देशासाठीही झाला. कायदा होता, त्याचे कारण मात्र शाळेच्या फळ्यावर कोणी लिहिले नव्हते.

शुक्राणू व अंडपेशी यांचे मीलन गर्भाशयात होते असे पुष्कळांस वाटते. ते होते अंडनलिकेत. बाहेर पडलेली अंडपेशी सुमारे एक दिवसच टिकते. शुक्राणू स्त्रीदेहात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. कोट्यवधी शुक्राणूंपैकी एकच अंडपेशीत शिरतो आणि त्या दोहोंची मिळून एक पेशी होते. तिलाच युग्मनज म्हणतात. पहिल्या दीड दिवसाच्या आत तिच्या दोन पेशी होतात, मग चार, मग आठ. असे विभाजन चालू असता तो गोळा नलिकेतून सरकत चार-पाच दिवसांनी गर्भाशयात उतरतो आणि आठवड्याच्या सुमारास अस्तरात रुजू लागतो. तेथे त्याच्याभोवती वार तयार होते. आईचे रक्त व बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेतील पातळ पडद्यातून अन्न व प्राणवायू इकडून तिकडे जातात आणि टाकाऊ द्रव्ये तिकडून इकडे येतात. परंतु त्याच पडद्यातून तंबाखूचे विषही पलीकडे जाते, हे मिसरी लावणाऱ्या आमच्या मायबहिणींस सांगितले पाहिजे.

गर्भ राहिल्यापासून बाविसाव्या दिवसाच्या सुमारास त्याचे हृदय धडधडू लागते. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पाठीच्या कण्याची व मेंदूची मूळ नळी मिटून पुरी होते. ती नीट मिटावी यासाठी फॉलिक आम्ल नावाचे जीवनसत्त्व आईच्या रक्तात आधीपासून असावे लागते. येथे वाचकाने क्षणभर थांबून हिशेब करावा. पाळी चुकल्याचे बाईच्या ध्यानात येते तेव्हा गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. ती आणखी दोन आठवडे वाट पाहते. फडावर दवाखाना नसल्याने आणखी महिना जातो. म्हणजे दिवस गेल्याचे घरात कळून पहिली गोळी हाती पडेपर्यंत मुलाच्या मेंदूचा पाया घालून झालेला असतो! आठ आठवडे होता होता साऱ्या मुख्य अवयवांची आखणी पुरी होते, बोटेही फुटतात, आणि तरी त्या जीवाची लांबी असते जेमतेम तीन सेंटीमीटर. पुढचे सात महिने वाढीचे. पाचव्या महिन्याच्या सुमारास पहिलटकरणीला हालचाल जाणवते; फुप्फुसे अगदी शेवटी तयार होतात, म्हणून दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलास श्वासाचा त्रास होतो. शेवटच्या पाळीपासून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे, हा पूर्ण काळ. या अवधीत पेरूएवढे गर्भाशय बरगड्यांपर्यंत पोहोचते आणि स्वतःच सुमारे किलोभर वजनाचे होते. ज्यास आपण पिशवी म्हणतो त्या अवयवाचा हा पराक्रम आहे.

आता असा विचार करा की, ही सारी उभारणी ज्या देहात व्हावयाची तो देहच अजून पुरा उभारलेला नाही. पहिली पाळी आली म्हणजे मुलगी आई होण्यास सिद्ध झाली, ही समजूत सर्वस्वी खोटी आहे. पाळी सुरू झाल्यानंतरही काही वर्षे मुलीची उंची वाढते, आणि ओटीपोटाच्या हाडांचा सांगाडा तर त्याहूनही सावकाश रुंदावतो. त्या अरुंद वाटेत मूल अडले तर आईचा, मुलाचा किंवा दोघांचाही प्राण जातो. शिवाय आपल्याकडील मुलींत रक्त कमी असणे ही नित्याची गोष्ट. त्या थोड्या रक्तात वाढत्या मुलीने वाढत्या गर्भाशी वाटणी करावयाची! मूल कमी वजनाचे होते, आई खचते, आणि मग तिशीत तिची ‘पिशवी खराब’ होते. बालविवाह आणि गर्भाशय काढणे हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. एकाच वाटेवरचे ते दोन मुक्काम आहेत. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील विशीतल्या तरुण स्त्रियांपैकी शंभरांतील 43 हून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. साऱ्या राज्याचे प्रमाण याच्या जवळजवळ निम्मे, म्हणजे सुमारे 22 होते.

हे दुःख नवे नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या आघातातून वैद्यक शिकण्याची जिद्द त्यांनी धरिली आणि 1886 साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या. त्यांच्या पदवीच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला, तेव्हा दहाचे बारा करण्यावरून पुण्यात केवढे रण माजले! 1929 साली शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले. वडवणीचा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, आणि 1948 पर्यंत हा प्रदेश त्या साऱ्या वादळाच्या पलीकडेच राहिला. त्यानंतर मात्र तशी सबब उरली नाही. 1978 साली वय अठरा झाले, 2006 साली नवा व कडक कायदा आला, आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध ठेवणे हाही बलात्कारच होय असे ठरविले. कायद्याने आपले काम केले. पण फडावर जाताना वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवावी, या प्रश्नाने बाप जेव्हा हवालदिल होतो, तेव्हा त्याला कायद्याचे कलम आठवत नाही. मुलगी ‘मोठी’ झाली एवढेच आठवते. ती मोठी झालेली नाही, हे त्याला पटविणारे ज्ञान हवे. आणि तिला सुरक्षित ठेवणारे वसतिगृहही हवे. यांपैकी एकाने भागणार नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, हा विषय शिकविल्याने मुले बिघडतील. आम्ही विचारतो, न शिकविल्याने ती सुधारली काय? आज खेड्यातील पोराच्याही हाती मोबाइल आहे, आणि त्यात या विषयाचे सर्वांत ओंगळ शिक्षण विनामूल्य मिळते. प्रश्न ज्ञान द्यावे की न द्यावे हा राहिलेलाच नाही. ते गुरूकडून मिळावे की गुंडाकडून, एवढाच उरला आहे. जगभरच्या अनुभवाचा निष्कर्षही असाच आहे की, नीट शिकविलेली मुले अशा बाबतीत उतावीळ होत नाहीत, उलट अधिक सावध राहतात.

दुसरा आक्षेप धर्माचा व परंपरेचा. तो घेणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान उघडून पाहावे. गर्भाची महिन्यामहिन्याने होणारी वाढ तेथे सांगितली आहे, आणि सोळा वर्षांखालील मुलीच्या ठायी पंचवीस वर्षांखालील पुरुषापासून राहिलेला गर्भ जगत नाही अथवा दुर्बळ निपजतो, असा स्पष्ट इशाराही दिला आहे. प्राचीन वैद्यांस जे शिष्यांपुढे उघड बोलावयास लाज वाटली नाही, ते त्यांचा अभिमान मिरविणाऱ्या वंशजांस मुलांपुढे बोलता येत नाही, हा प्रकार काय म्हणावा?

तिसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. तो म्हणतो, हे आईने घरी सांगावे. शाळेचा येथे काय संबंध? उत्तम. पण आई सहा महिने फडावर आहे, आणि तिला स्वतःला हे कोणी सांगितलेले नाही. रिकाम्या रांजणातून पाणी कोठून काढावयाचे?

चौथा आक्षेप शाळेकडूनच येतो: धडा पाठ्यपुस्तकात आहेच. होय, आहे. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननसंस्था, ऋतुचक्र, जुळी मुले, हे सारे चांगल्या मराठीत छापलेले आहे. परंतु पाळी येते बाराव्या वर्षी आणि धडा येतो पंधराव्या-सोळाव्या वर्षी. ज्या मुलीचे लग्न नववीतच उरकले तिने तो कधी वाचावा? आणि जी दहावीपर्यंत पोहोचते तिच्या वर्गात तो धडा आला की, ‘हा घरी वाचून या’ असे सांगून पान उलटले जाते, ही तक्रार किती तरी विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकू येते. पुस्तकात छापून वर्गात चुकविलेला धडा हा न छापलेल्या धड्याहून वाईट. कारण मुलांना त्यातून एवढेच शिकावयास मिळते की, यात काही तरी पाप आहे.

हा संकोच केवळ शिक्षकाचा नाही. त्यामागे समाजाचा धाक आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढिले आणि 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. लैंगिक विषयांवर शास्त्रीय भाषेत लिहिल्याबद्दल त्यांना नोकरी गमवावी लागली, अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दंड झाला, मासिक मात्र 1953 साली कर्वे वारले तोपर्यंत निघत राहिले. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आणि 2007 साली शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावरून आमच्याच विधिमंडळात गदारोळ झाला व तो कार्यक्रम राज्यात थांबविण्यात आला. कर्व्यांस दंड करणारे न्यायाधीश परके सरकार नेमीत होते. 2007 चा निर्णय आपणच निवडून दिलेल्यांचा होता.

तेव्हा वडवणीत काय करावे? मुंबईहून आदेश येईतो थांबण्याचे कारण नाही. धडा सहावी-सातवीतच, आणि दसऱ्यापूर्वी शिकवावा. कारण दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे होतात. मुलींस पाळीविषयी पहिली पाळी येण्याआधी सांगावे. मुलग्यांना व मुलींना प्रथम एकत्र शिकवावे, म्हणजे एकमेकांच्या देहाविषयी टवाळी न राहता आदर उपजेल. मग खाजगी शंकांसाठी मुलींशी शिक्षिकेने व मुलग्यांशी शिक्षकाने स्वतंत्र बसावे. ज्यास तोंडाने विचारता येत नाही त्याने नाव न घालता चिठ्ठी टाकावी, यासाठी वर्गात एक पेटी ठेवावी. तिचा खर्च पुठ्ठ्याच्या खोक्याएवढा आहे. अवयवांना त्यांच्या खऱ्या नावांनी संबोधावे. जिला आपल्या अवयवाचे नाव उच्चारता येते, तिला कोणी तेथे हात लावला तर तक्रारही करता येते. आशा कार्यकर्तीने व ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी वर्षातून दोनदा शाळेत यावे. हंगामी वसतिगृहांत राहणाऱ्या मुलामुलींस हे आधी मिळावे. आणि पालकांची सभा घ्यावयाची ती मुकादमाची गाडी निघण्याच्या आधी घ्यावी. तीत मुलीच्या हाडांची वाढ, रक्ताचे प्रमाण आणि गर्भाशयाचे कार्य हे तीनच विषय असावेत. कारखान्यांनीही आपल्या फडांवर हा उपक्रम चालवावा; ज्यांच्या घामाने साखर होते, त्यांच्या प्रकृतीकडे पाहण्याचे काम धर्मादाय खात्यात टाकावयाचे नसते.

या धड्याने ऊसतोड थांबणार नाही, दुष्काळ हटणार नाही आणि मुकादमाचा हिशेबही आपोआप सरळ होणार नाही. पण डॉक्टरने ‘पिशवी काढा’ म्हटल्यावर ‘का?’ असे विचारणारी बाई त्यातून निर्माण होईल. मुलगी झाल्यावर बायकोकडे रागाने न पाहणारा नवरा निर्माण होईल. नववीतल्या मुलीचे स्थळ आले असता ‘तिचे वय झाले नाही’ असे बापास ठणकावून सांगणारा भाऊ निर्माण होईल. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पुस्तकही लागत नाही. लागतो तो एक खडू, एक फळा, आणि ते पान न उलटण्याइतके धैर्य. तेवढे धैर्य वडवणीच्या शिक्षकवर्गात आहे, अशी आमची खात्री आहे. गावाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच आमची मागणी आहे.